एवढीशी सुरी, एवढे पैसे?

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आमच्या सासूबाईंना खाली बसायची बंदी केली. गुडघे पार झिजले होते. आता ज्या घरात बाईमाणसाचं खाली बसणं थांबतं, त्या घरात पहिली रजा मिळते ती विळीला. पाट, विळी आणि पुढ्यात भाजीची परात, असा साठ वर्षांचा त्यांचा थाट. तो एका दिवसात गुंडाळावा लागला. पण सासूबाई अशा हार मानणाऱ्या नव्हेत. त्यांनी खुर्ची मागवली, मांडीवर ताट घेतलं आणि मांडणीच्या वरच्या फळीवरून आपली जुनी सुरी काढली.

मूठ धरून ही सुरी जेमतेम वीतभर. मिटणारा चाकू नव्हे, पातं मुठीत कायमचं बसवलेलं. सासूबाईंचं माहेर भालकीकडचं, घरची बोली कानडी. विळीला त्या ईळिगी म्हणतात आणि या सुरीला ‘उक्किन चूरी’, म्हणजे पोलादाची सुरी. मामंजींनी ती निर्मलहून आणलेली. बीदर आणि आदिलाबाद हे दोन्ही जिल्हे तेव्हा एकाच हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बीदर म्हैसूर राज्यात आलं आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेलं. त्याआधी मामंजी दोन वर्षं निर्मलला नोकरीला होते. बदली होऊन आले तेव्हा ट्रंकेत ही सुरी होती.

सत्तर वर्षं धार लावून लावून पातं बोरूसारखं निमुळतं झालं होतं. एक दिवस सुरण सोलताना ते मोडलं.

मग मी दुकानातून सुऱ्या आणू लागले. रंगीत प्लास्टिकची मूठ, साठ रुपयांना एक. वर्षभरात तीन झाल्या. आठवडाभर बऱ्या चालत, मग टोमॅटोचं सालसुद्धा दाबल्याशिवाय कापायच्या नाहीत. अशीच एक बोथट सुरी दाबताना कच्च्या पपईवरून सटकली आणि सासूबाईंच्या अंगठ्याला तीन टाके पडले. बोथट सुरीने माणूस जास्त कापला जातो, हे तेव्हा कळलं. धार नसली की आपण जोर लावतो आणि जोर लावला की हात ताब्यात राहत नाही.

त्यानंतर सासूबाईंनी भाजी चिरायचं सोडूनच दिलं. संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले की त्या रिकामे हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसून राहायच्या. काही बोलायच्या नाहीत. ते मला बघवेना.

म्हणून आदिलाबादच्या वन्संनी गेल्या पुष्यात नागोबाच्या जत्रेला बोलावलं, तेव्हा मी पिशवीत कपड्यांच्या आधी सुरीचं मोडकं पातं घातलं, नमुन्यासाठी.

नांदेडहून गाडी भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादला पोचते. तिथून गुडीहत्नूरवरून इंद्रवेल्लीकडे गेलं की केसलापूर. गोंडांच्या मेश्राम घराण्याचं हे दैवत. पुष्य अमावास्येच्या महापूजेसाठी मेश्राम मंडळी पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. जत्रेत गोंड, कोलाम, बंजारा, आपल्या महाराष्ट्रातली माणसं, सगळ्यांची गर्दी. कानावर गोंडी, तेलुगू, मराठी एकाच वेळी पडतात. बांबूच्या टोपल्या, ओझांची पितळी ओतकामाची चित्रं, बांगड्या, भांडी असं बघत बघत आम्ही एका लोहाराच्या दुकानाशी आलो. दुकान कसलं, एक पोतं अंथरलेलं. त्यावर विळे, खुरपी, कुऱ्हाडी, कडेला पाच-सहा लहान सुऱ्या. मी पातं दाखवलं. त्याने ते नखावर टिचकी मारून वाजवलं, उन्हात धरलं आणि म्हणाला, “जुनं काम हाय, अक्का. असं नाही होणार. पण चांगलं होईल.”

अक्का म्हटल्यावर मला घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडे कानडीतही अक्काच. पण किंमत ऐकली आणि घरपण संपलं. सुरी अडीचशे रुपये. शेजारी तिच्या तिप्पट लोखंडाचा विळा दीडशेला.

मैत्रिणींनो, बाजारात घासाघीस करण्यात माझा हात कोणी धरणार नाही असा माझा लौकिक आहे. मी विळा एका हातात आणि सुरी दुसऱ्या हातात घेऊन विचारलं, “दादा, लोखंड याला जास्त का त्याला?” तो हसला. मी दीडशे म्हटलं, तो नाही म्हणाला. मी ठरल्याप्रमाणे चार पावलं पुढे गेले. मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, “देऊन टाका, सकाळपासून बोहनी नाही.” दोनशेला सौदा झाला. वन्सं माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या.

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तो मुठीवर कानस फिरवून देत होता. मी सहज म्हणून विचारलं, “पण खरंच, एवढ्याशा सुरीला एवढे पैसे का?”

“लोखंड त भंगारातलं हाय, अक्का,” तो म्हणाला. “ट्रकचा तुटलेला पाटा. त्याचे आठ-नऊ रुपये धरा. बाकीचे माह्या हाताचे.” आणि त्याने सगळा हिशेब सांगितला. तो मी माझ्या शब्दांत मांडते.

भट्टी पेटवायला कोळसा लागतो, तो विळ्याला लागतो तेवढाच सुरीलाही लागतो. लहान वस्तूसाठी लहान विस्तव असं काही नसतं. उलट लहान पातं अवघड. विळ्याचं जाड लोखंड सावकाश तापतं, सावकाश निवतं, घणाचे दहा ठोके मारायला सवड देतं. सुरीचं पातळ पातं भट्टीतून काढून ऐरणीवर ठेवेपर्यंत निवायला लागतं. तीन-चार ठोके पडतात, की पुन्हा भट्टीत. आणि भट्टीत घालून नजर जरा हलली की पातळ कड जळते. पोलादातला जो कार्बन धार धरून ठेवतो, तोच जळून जातो. जळलेला तुकडा पुन्हा भंगारात.

मग पाणी पाजणं. पातं लाल करायचं आणि एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवायचं, म्हणजे ते कडक होतं. हा लाल रंग साधारण ८०० अंश सेल्सिअसचा. लोहाराकडे मोजायचं यंत्र नाही, त्याचे डोळे हेच यंत्र. म्हणून पाणी पाजायचं काम तो सावलीत करतो. उन्हात लाल रंग खरा दिसत नाही. ताप कमी पडला तर पातं मऊच राहतं. जास्त झाला तर आतला कण जाड होतो आणि सुरी पडली की काचेसारखी तुटते. शिवाय पातळ पातं बुडवताना वाकडं होतं, कधी चिरतं. “दहातल्या दोन जातात,” तो म्हणाला. “त्या दोनचे पैसे आठांवर बसतात.”

नुसतं कडक करूनही भागत नाही. पाणी पाजलेलं पातं पुन्हा मंद आचेवर दोनशे-अडीचशे अंशांपर्यंत तापवावं लागतं, म्हणजे कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर तेव्हा फिकट पिवळा, वाळल्या कडब्यासारखा रंग चढतो. तिथे थांबायचं. निळा झाला की धार गेली.

आता सर्वांत जास्त वेळ खाणारं काम, कानस आणि दगड. विळ्याला धार काढून दिली की झालं, पुढची शेतकरी स्वतः लावतो. सुरीला दोन्ही बाजूंनी सारखं पातळ करत आणायचं. एक बाजू जरा जास्त घासली गेली की भाजी तिरकी कापली जाते. आणि शेवटी मूठ. मिटत्या चाकूचं पातं मुठीपाशी एका खिळ्यावर फिरतं. पातं कायमचं बसवलेल्या चांगल्या सुरीत पोलाद मुठीच्या पार टोकापर्यंत जातं आणि लाकडात रिबीट मारून पक्कं केलं जातं. म्हणून ती हलत नाही, डुगडुगत नाही. साठ रुपयांच्या सुरीत हेच पोलाद बोटाच्या एका पेराएवढं प्लास्टिकमध्ये खोचलेलं असतं.

“एका सुरीला किती वेळ जातो?” मी विचारलं.

“आम्हा दोघांचा अर्धा दिवस,” त्याची बायको म्हणाली. पंखा फिरवायला आणि घण मारायला तीच. मुलगा आदिलाबादला फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या वेल्डिंग करतो. तो भट्टीवर बसत नाही.

मी सुरी कागदात गुंडाळून घेतली. पन्नास रुपये वाचवल्याचा आनंद जरा कमी झाला होता, पण गेला नव्हता, हेही खरं सांगते.

घरी आल्यावर सासूबाईंनी आधी पातं अंगठ्याच्या नखावर टेकवलं. ते घसरलं नाही, जागच्या जागी रुतलं. मग त्यांनी किंमत विचारली. मी फुशारकीने सांगितलं, अडीचशेचे दोनशे केले. त्यांनी सुरी ताटात ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, “कूली कोट्टियो इल्लो?” मजुरी दिलीस की नाही?

त्या रात्री मी आमच्या जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. लोखंडाचे नऊ, कोळशाचे वीस, लाकूड आणि रिबिटांचे पंधरा-सोळा, मिळून पंचेचाळीस रुपये. दोनशेतून ते गेले की उरले एकशे पंचावन्न. ते दोन माणसांच्या अर्ध्या दिवसाचे. म्हणजे एकाच्या पूर्ण दिवसाचे एकशे पंचावन्न. तेलंगणात रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ साली दिवसाला ३०० रुपये होती. पाणी पाजताना चिरलेली पाती, जत्रेपर्यंतचं भाडं, पोत्यावर न खपलेल्या सुऱ्या हे मी धरलंच नाही. त्याने सांगितलेले अडीचशे दिले असते तरी माणशी दोनशे पाचच पडले असते. माती खणणाऱ्याला जे मिळतं, त्याच्यापेक्षा पोलादाला पाणी पाजणाऱ्याला कमी मिळत होतं, आणि त्यातलेही पन्नास मी काढून घेतले होते.

मग दुकानातली सुरी साठ रुपयांना कशी परवडते? तिथे पोलादाच्या पत्र्याची गुंडाळी यंत्राखाली जाते आणि एका दाबात पातं कापलं जातं, घण नाही, ऐरण नाही. हजारो पाती एकदम भट्टीत जातात, एकदम निवतात. प्रत्येक पात्यामागे माणसाचा वेळ काही सेकंदांचा. त्यातही स्वस्त सुरीचं स्टेनलेस मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, म्हणजे तुटल्याची तक्रार येत नाही आणि घासायला सोपं जातं. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. लिंबू, चिंच, कैरी यांना ती सुरी बरी, कारण ती गंजत नाही, काळी पडत नाही. आणि कारखान्याच्याही हजार-दोन हजारांच्या सुऱ्या असतात. त्यातलं पोलाद इतकं चिवट असतं की ते घासताना घासायचे पट्टेच झिजून जातात. तिथेही किंमत वजनाची नसते, घासण्याच्या वेळाची असते.

आपल्या बीदरच्या लोकांना हे नव्याने सांगायला नको. बिदरीच्या एका लहान डबीत जस्त असतं, थोडं तांबं असतं, चांदीची तार तर केसासारखी. हे सगळं वजनावर विकलं तर काय येईल? पण तार ठोकून बसवणाऱ्या कारागिराची नजर त्या डबीत असते, म्हणून आपण पाहुण्यांना ती अभिमानाने देतो आणि किंमत सांगताना लाजत नाही. सुरी मात्र स्वयंपाकघरातली. म्हणून तिच्या वेळी आपण तराजू काढतो.

आणि मामंजींनी सुरी निर्मलहूनच आणली, यालाही एक अर्थ आहे. आपण निर्मल म्हटलं की लाकडी खेळणी आठवतात. २०१६ च्या ऑक्टोबरात निर्मल वेगळा जिल्हा झाला, पण त्याआधी ते आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. या भागाची जुनी ओळख पोलादाची. निर्मलच्या पूर्वेला दिमदुर्ती गावाजवळ लोखंडाचं खनिज निघत असे आणि गोदावरीच्या दक्षिणेला, आताच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम गावात मुशीत पोलाद तयार होई. हेन्री व्हॉयसी या इंग्रज भूगर्भतज्ज्ञाने ती भट्टी पाहिली होती. त्याचं वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली छापलं गेलं. मुशीत दोन ठिकाणचं लोखंड घालून ती भट्टीत दिवसरात्र, चोवीस तास तापवायची. मग तो गोळा मातीत लिंपून पुन्हा बारा-सोळा तास भाजायचा आणि घण सोसेल इतका नरम होईपर्यंत हे तीन-चार वेळा करायचं. तिथे त्याला इराणातल्या इस्फहानचा एक व्यापारी भेटला. हे पोलाद न्यायला तो एवढ्या लांबून आला होता आणि कामावर स्वतः देखरेख करत होता. आपल्याकडे असं पोलाद करायचा प्रयत्न फसला, असं त्याने सांगितलं. दमास्कसच्या म्हणून जगभर गाजलेल्या तलवारींना लागायचं ते हेच दख्खनी पोलाद.

साहेबांनी या पोलादाला ‘वुट्झ’ म्हटलं. हा शब्द सासूबाईंच्या तोंडचा ‘उक्कु’च, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेलुगूतही उक्कुच, विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याला तिकडे ‘विशाखा उक्कु’ म्हणतात. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला पाठवलेल्या नमुन्यांवर जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. त्यात एक मजेची गोष्ट आहे. हे पोलाद कसं आहे हे पाहायला त्यांनी तलवार करवली नाही. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या सुरीकाराकडून एक लहानशी सुरी करवली, लेखणी तासायची. घडवायला ते फार अवघड आणि कष्टाचं, तरी बऱ्याच कामांसाठी इंग्लंडच्या पोलादापेक्षा सरस, असं स्टोडार्टचं मत पडलं. पुढे तो वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारं या पोलादाची करू लागला आणि तसं आपल्या जाहिरातीत अभिमानाने छापू लागला.

एकोणिसाव्या शतकात कारखान्यांचं स्वस्त पोलाद आलं आणि या मुशी थंड झाल्या. केसलापूरचा लोहार मुशीचं पोलाद करत नाही, ट्रकचा पाटा घडवतो. पण आंच ओळखायची नजर आणि पाणी पाजायची वेळ या दोन गोष्टी तेव्हाही भंगारात मिळत नव्हत्या आणि आजही मिळत नाहीत.

तुम्ही अशी सुरी घ्यायला गेलात तर चार गोष्टी बघा. पातं डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहा. मुठीच्या कडेने पोलाद शेवटपर्यंत दिसतं का पाहा. पातं नखावर टेकवा. घसरलं तर धार नाही, रुतलं तर आहे. आणि हाताची सुरी घरी आली की तिला ओली ठेवू नका. वापरली की पुसायची, पावसाळ्यात खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. चिंच-लिंबाने ती काळी पडेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ज्यांना एवढं जमणार नाही त्यांनी साठ रुपयांची घ्यावी, पण ती महिन्यातून एकदा तरी दगडावर घासावी.

उन्हाळ्यात मी वन्संना फोन करून आणखी दोन सुऱ्या सांगितल्या, एक मला आणि एक जाऊबाईंना. तीनशेच्या भावाने द्या म्हटलं आणि वर पन्नास, मागचे राहिलेले. लोहाराचा निरोप आला, पेरणीच्या आधी विळ्या-खुरप्यांची घाई आहे, सुऱ्या श्रावणात देतो. आणि पन्नास कशाचे हे त्याला काही केल्या आठवेना. वन्संनी ते त्याच्या बायकोच्या हातात दिले. तिला आठवत होतं.

सुऱ्या श्रावणात नाही, भाद्रपदात आल्या. सासूबाईंनी तिन्ही शेजारी ठेवून पाहिल्या आणि आपली पहिलीच बरी, असा निकाल दिला. आता संध्याकाळी त्या खुर्चीत बसून ताटात गवार मोडतात, वांगी चिरतात आणि माझ्या फोडी जाड होतात म्हणून मला बोलणी बसतात. परवा शेजारच्या बाई म्हणाल्या, एवढीशी सुरी तीनशेला? मी उत्तर द्यायच्या आत सासूबाईंनी वांग्याची एक फोड करून त्यांच्यापुढे धरली, आरपार उजेड दिसेल इतकी पातळ.